श्ची : कोबी, चूल आणि वेळ

रशियन कथा-कादंबऱ्या अनुवादातून वाचणाऱ्या मराठी वाचकाला ‘कोबीचे सूप’ हे शब्द नवे नाहीत. शेतकरी ते पितो, शिपाई पितो, कैदी पितो, आणि शिकारीहून परतलेला जमीनदारही तेच मागवतो. अनुवादकाचा नाइलाज असतो, म्हणून तो ‘कोबीचे सूप’ असे लिहून पुढे सरकतो; आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे हॉटेलात जेवणाआधी वाटीतून येणारे, मक्याच्या पिठाने दाट केलेले, वर चिमूटभर मिरपूड भुरभुरलेले पाणी उभे राहते. मूळ पदार्थाशी त्या पाण्याचा काडीचाही संबंध नाही. त्या पदार्थाचे नाव श्ची. रशियन वर्णमालेत ‘श्च’साठी एक स्वतंत्र अक्षर आहे आणि दोनच अक्षरांच्या या नावाची सुरुवात त्याच अक्षराने होते. जुना उच्चार आपल्या ‘निश्चित’मधील ‘श्चि’च्या जवळचा, आजच्या मॉस्कोत तो जवळजवळ ‘श्शी’ असा होतो. मराठी कानाला हा उच्चार पदार्थाची शिफारस करणारा वाटणार नाही. परंतु त्याला रशियन माणसाचा इलाज नाही.

श्ची हे जेवणाआधीचे पेय नव्हे; ते जेवणच आहे. ‘श्ची आणि काशा, हेच आमचे अन्न’ अशी तिकडची जुनी म्हण आहे. काशा म्हणजे धान्य शिजवून केलेली घट्ट लापशी. आपण ‘भाजी-भाकरी’ म्हणतो तेव्हा जे सांगायचे असते, ते रशियन माणूस या दोन शब्दांत सांगतो. दुसरी एक म्हण तर असे बजावते की, सख्ख्या बापाचाही कंटाळा येईल, पण श्चीचा येणार नाही. अडाणी, गावंढळ माणसाविषयी बोलताना तो झाडाच्या सालीच्या वहाणेने श्ची ओरपतो, असे म्हणतात. आणि काही येत नसताना तज्ज्ञाचा आव आणणाऱ्याला ‘आंबट श्चीचा प्राध्यापक’ अशी पदवी बहाल करतात. शिक्षकवर्गाने ही पदवी टिपून ठेवण्याजोगी आहे. ती देण्याचे प्रसंग सर्वच देशांत येतात. एखाद्या पदार्थाभोवती भाषेत इतके वाक्प्रचार साचतात, तेव्हा तो पदार्थ केवळ जिभेचा उरलेला नसतो.

आता या पदार्थात असते तरी काय? कोबी, पाणी, मीठ, कांदा, गाजरासारखे एखादे मूळ आणि ऐपत असली तर हाडासकट मांस. याहून स्वस्त सामग्री शोधूनही सापडायची नाही. असे असूनही, पारंपरिक श्ची घरी कशी करावी असे कोणी विचारले, तर ‘तीन आठवड्यांपूर्वी सुरुवात करावी’ हेच त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. या पदार्थातील सर्वांत महाग घटक पाकपुस्तकांच्या सामग्रीच्या यादीत येतच नाही. तो घटक म्हणजे वेळ. आणि हा वेळ पिढ्यान् पिढ्या कोणाच्या आयुष्यातून खर्ची पडला, हा प्रश्न श्चीच्या चर्चेतून वगळता येणार नाही.

मध्य आणि उत्तर रशियात हिवाळ्याचे कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते. हिरवे पान दृष्टीस पडणे तेथे पूर्वी अशक्यच होते. शरदाच्या अखेरीस शेतातून जे शेवटचे पीक घरात येई, ते कोबीचे. आणि तो पुढच्या वसंतापर्यंत टिकवायचा तर मिठावाचून दुसरा मार्ग नव्हता. गृहव्यवस्थेचे नियम सांगणाऱ्या ‘दोमोस्त्रोय’ या सोळाव्या शतकातील ग्रंथात कोबीच्या साठवणीचा विचार आहे आणि श्चीचाही उल्लेख आहे. जुन्या पंचांगाप्रमाणे १४ सप्टेंबरला, म्हणजे आजच्या २७ सप्टेंबरला, ऑर्थोडॉक्स चर्चचा पवित्र क्रुसाचा सण येतो. तेव्हापासून गावोगावच्या स्त्रिया आणि मुली एकमेकींच्या घरी कोबी चिरायला जमत. लाकडी द्रोणीत कोबी पडे, सुऱ्या चालत, गाणी होत आणि अखेरीस घरधनीण सर्वांना कोबी भरलेल्या पेस्ट्रीसारख्या रोट्या वाढी. आपल्याकडे पापड-कुरडयांच्या दिवसांत आळीतल्या बायका एकत्र येत, तसाच हा प्रकार. या मेळाव्याला ‘कपूस्निक’ म्हणत. हाच शब्द पुढे रशियन रंगभूमीने उचलला. ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासात मांस वर्ज्य. म्हणून नटमंडळी कोबीच्या रोट्यांवर जमत आणि आपापसांत थट्टेचे प्रवेश करीत. स्तानिस्लाव्हस्कींच्या मॉस्को आर्ट थिएटरमधील अशाच खासगी कपूस्निकांतून निकिता बालिएव यांचे ‘लेतूचाया मिश’ (वटवाघूळ) हे विनोदी रंगगृह १९०८ मध्ये जन्माला आले. आजही विद्यार्थ्यांनी वा नटांनी घरगुती वर्तुळासाठी केलेल्या विडंबनाच्या कार्यक्रमाला रशियन भाषेत कपूस्निकच म्हणतात. कोबीने स्वयंपाकघरातून रंगमंचावर मजल मारल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या ऐकिवात नाही.

कोबी आंबवण्याची कृती सोपी आहे. तिला लागते ती सबुरी. गड्डा घट्ट, पांढरा आणि हंगामाच्या शेवटी आलेला हवा. रशियात यासाठी ‘स्लावा’ ही जात नावाजलेली आहे. स्लावा म्हणजे कीर्ती. तीन किलो कोबी बारीक चिरून त्यात एक-दोन गाजरे किसून घालावीत आणि साठ ते पंचाहत्तर ग्रॅम मीठ लावावे. मग परातीत हाताने तो जोर लावून चुरावा, इतका की त्याला स्वतःचे पाणी सुटले पाहिजे. वरून पाणी घालावयाचे नाही. बरणीत दाबून भरून त्यावर स्वच्छ वजन ठेवावे, म्हणजे कोबी आपल्याच रसाखाली बुडून राहतो. रसाखाली असेल ते टिकते, वर राहील ते नासते. एवढा एकच नियम कधीही मोडता कामा नये. कोबीच्या पानांवर मुळातच असलेले जीवाणू त्यातील साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. दह्याला आंबटपणा देणारे आम्ल तेच. मीठ नासवणाऱ्या जंतूंना रोखून धरते आणि या उपकारक जीवाणूंना वाट मोकळी करून देते. पहिल्या दिवसांत भरपूर वायू सुटतो. म्हणून दिवसातून दोनदा स्वच्छ लाकडी काडीने बरणीच्या तळापर्यंत भोके पाडावीत, एरवी कोबीला कडवट चव येते. अठरा-वीस अंश उष्णतेत चार-पाच दिवस आणि त्यानंतर थंड तळघरात दोन-तीन आठवडे, असा रशियन क्रम आहे. आपल्याकडे हा उद्योग करायचा झाल्यास तो डिसेंबर-जानेवारीतच करावा आणि तिसऱ्या दिवशी बरणी रेफ्रिजरेटरमध्ये हलवावी. मे महिन्यात हा प्रयोग करणाऱ्याच्या पदरी आंबट लगद्याखेरीज काही पडणार नाही.

या आंबवलेल्या कोबीने रशियन खेड्याला हिवाळ्यात नुसती चव दिली नाही. जीवनसत्त्व ‘क’ त्यात टिकून राहते आणि ते न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येऊन माणूस झिजत जातो. १७६८ मध्ये निघालेल्या कॅप्टन कुकने आपल्या जहाजावर आंबवलेल्या कोबीची पिंपे याच हेतूने लादली होती. जीवनसत्त्व हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून ते काम खेड्यातली लाकडी पिंपे निमूटपणे करीत होती.

पिंपाइतकेच महत्त्व चुलीचे. रशियन ‘पेच’ म्हणजे आपली मांडीएवढी चूल नव्हे. खोलीचा मोठा भाग व्यापणारी, विटांची वा मातीची ती एक लहानशी इमारतच असते. तिच्या माथ्यावर म्हातारी माणसे आणि मुले झोपतात. पहाटे तिच्या पोटात लाकडे पेटवायची, ती जळून निखारे झाले की बाजूला सारायची आणि भिंतींत साठलेल्या उष्णतेवर दिवसभराचा स्वयंपाक करायचा. तळाशी निमुळते असलेले मातीचे किंवा पुढच्या काळात बिडाचे भांडे लांब दांड्याच्या दुहेरी आकड्याने आत सरकवायचे आणि तोंडावर पत्र्याचे झाकण लावायचे. उष्णता वाढत नाही; ती हळूहळू, तासातासाने उतरत जाते. भांड्यातले पाणी खळखळून उकळत नाही, नुसते निवांत तापत राहते. त्यामुळे हाडाचा आणि स्नायूंचा अंश विरघळून रस दाट होतो, आंबट कोबी मऊ पडतो आणि त्याचा तिखट आंबटपणा मुरून गोडसर होतो. या संथ शिजण्याला रशियन भाषेत एक स्वतंत्र शब्दच आहे: ‘तमलेनिये’. घरात शिरताच नाकाला जाणवणाऱ्या श्चीच्या वासालाही वेगळे नाव आहे. झोपडीच्या लाकडी भिंतींत तो वास मुरलेला असे.

या चुलीच्या तोंडासमोरच्या कोपऱ्याला ‘बायकांचा कोपरा’ म्हणत. घरातल्या देवाच्या तसबिरींचा कोपरा वेगळा, पाहुण्यांचा बाक वेगळा. हा कोपरा मात्र तिचा. अंधार असतानाच उठून चूल पेटवणे, जड भांडी आकड्याने आत-बाहेर करणे आणि मधल्या वेळेत गुरे, पाणी, मुले पाहणे, हे सारे तिच्याकडे. ‘श्ची आपोआप शिजते’ असे म्हणणाऱ्याने हा आपोआपपणा कोणत्या हातांचा आहे, हे एकदा पाहावयास हवे होते.

नाव एक असले तरी श्ची सर्वांची एक नव्हती. मांस, सुकी अळंबी, मुळे आणि स्मेताना, म्हणजे आंबवलेली दाट साय, हे सारे पडले तर ती ‘श्रीमंत’ श्ची. कोबी, कांदा आणि पाणी एवढेच असले तर ती ‘रिकामी’ श्ची. कोबीच्या गड्ड्याची बाहेरची हिरवी, राठ पाने आंबवून केलेली ती ‘करडी’ श्ची. पांढरा गड्डा विकायला जाई, पाने घरी राहत. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांचे दिवस वर्षाला दोनशेच्या आसपास भरतात. त्या दिवशी मांसाऐवजी अळंबी किंवा सुकी बारीक मासळी पडे. गरिबाला मात्र या दिवशी फारसा फरक पडत नसे.

तुर्गेनेव्हने १८७८ मध्ये ‘श्ची’ याच नावाचे एक छोटेसे गद्यकाव्य लिहिले. एका विधवा शेतकरीण बाईचा वीस वर्षांचा एकुलता एक मुलगा, गावातला सर्वांत कामसू पोर, मरण पावला आहे. अंत्यविधीच्या दिवशी गावची जमीनदारीण तिचे सांत्वन करण्यासाठी जाते, तेव्हा ती बाई झोपडीत उभी राहून काजळलेल्या मडक्याच्या तळातली रिकामी श्ची संथपणे खाताना दिसते. जमीनदारणीला धक्का बसतो. या लोकांना भावनाच नसतात की काय, असे तिला वाटते. बाईच्या उत्तराचा आशय असा की, माझेही आता संपलेच, पण या श्चीत मीठ पडले आहे, ती टाकवत नाही. जमीनदारीण खांदे उडवून निघून जाते. तिला मीठ स्वस्तात मिळत असे. एवढीच ही गोष्ट. तिचे पूर्ण मर्म कळायला एक गोष्ट ठाऊक असावी लागते: त्या काळी रशियात मिठावर सरकारी कर होता आणि तो १८८१ च्या आरंभापासून उठला. त्याच्याही सव्वादोनशे वर्षे आधी, १६४८ मध्ये, मिठाच्या करातून पेटलेल्या असंतोषाने मॉस्कोत दंगल झाली होती. दांडी आणि शिरोडे ही नावे ज्यांना पाठ आहेत, त्यांना मिठाच्या चिमटीचे मोल निराळे सांगावयास नको. कोबी परसातला, पाणी विहिरीचे, लाकूड रानातले. पण मीठ विकतच आणावे लागे. त्या बाईच्या श्चीत रोख पैसा एवढाच होता.

भूदासांची मुक्तता झाली १८६१ मध्ये. त्याच वर्षी येलेना मोलोखोवेत्स यांचे गृहिणींसाठीचे प्रचंड पाकपुस्तक प्रथम निघाले आणि पुढे अर्धशतकभर त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. त्यात श्चीचे अनेक प्रकार आहेत. हे पुस्तक चाळताना ध्यानात येते की, येथे ‘गृहिणी’ म्हणजे स्वयंपाकिणीला हुकूम देणारी. वेळ पुस्तक वाचणारीचा जात नव्हता. दोस्तोयव्हस्कीने आपल्या तुरुंगवासावरील पुस्तकात सैबेरियातील कैद्यांच्या पातळ श्चीचे आणि तिच्यात तरंगणाऱ्या झुरळांचे वर्णन केले आहे. आणि शंभर वर्षांनी, १९६२ मध्ये, सोल्झेनित्सिनचा इव्हान देनिसोविच छावणीतले काळपट कोबीचे पाणी ज्या एकाग्रतेने चमच्या-चमच्याने संपवतो, ती एकाग्रता वाचकाला विसरता येत नाही. जार गेला, क्रांती झाली; कैद्याच्या वाडग्यात मात्र कोबी तोच राहिला.

तरी या भाजीच्या इतिहासातला सर्वांत कठीण हिवाळा तुरुंगातला नव्हे, लेनिनग्राडचा. ८ सप्टेंबर १९४१ रोजी शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम आणि कचेरीतले कर्मचारी, मुले व अवलंबित यांना १२५ ग्रॅम पाव मिळत असे. आणि तोही निव्वळ पिठाचा नव्हता. त्या शरदात शहराबाहेरच्या शेतांत कापणीनंतर उरलेली कोबीची राठ, मातीने भरलेली बाहेरची पाने लोकांनी वेचून आणली. त्याला ‘ख्र्यापा’ म्हणत. एरवी जी पाने गुरांपुढे टाकायची, त्यांची श्ची करून कित्येकांनी पहिले आठवडे ढकलले. १९४२ च्या उन्हाळ्यात सेंट आयझॅक कॅथीड्रलसमोरच्या चौकात कोबीची लागवड झाली. त्या भव्य घुमटाच्या पार्श्वभूमीवर गड्डे उचलणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. शहराच्या शोभेचा चौक परसबाग झाला होता, आणि त्याबद्दल कोणाला खंत वाटावी अशी ती वेळ नव्हती. वेढा पूर्णपणे उठला तो २७ जानेवारी १९४४ रोजी.

सोव्हिएत राजवटीने एक मोठे आश्वासन दिले होते आणि त्याचा श्चीशी थेट संबंध आहे. १९१९ च्या ‘एक महान आरंभ’ या निबंधात लेनिनने स्त्रीला चुलीशी जखडून ठेवणाऱ्या घरकामाला गुलामगिरी म्हटले आणि सार्वजनिक भोजनालये, पाळणाघरे यांतून तिची सुटका होईल असे प्रतिपादन केले. विचार खरा होता. चुलीपुढचा वेळ हा कोणाचा तरी वेळ असतो, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे राज्यकर्ते जगात फार झालेले नाहीत. भोजनालये निघालीही, कारखान्यांत, कचेऱ्यांत, शाळांत ती सर्वदूर झाली आणि त्यांच्या फळ्यावर श्चीचे नाव असेच. परंतु शेकडो माणसांसाठी अवाढव्य पातेल्यात भरभर उकळलेली श्ची आणि दुपारभर चुलीच्या पोटात मुरलेली श्ची यांत जे अंतर आहे, ते कोणत्याही पंचवार्षिक योजनेला कापता आले नाही. मिकोयान यांच्या अन्नखात्याने १९३९ मध्ये ‘चविष्ट आणि पौष्टिक अन्नाचे पुस्तक’ काढले. त्यातही श्चीची कृती घरच्या स्वयंपाकघरासाठीच होती. म्हणजे आश्वासन भोजनालयाचे आणि पुस्तक गृहिणीच्या हाती, असा हा प्रकार झाला.

आणि स्वयंपाकघर तरी कसले? शहरातल्या सामाईक बिऱ्हाडांत अनेक कुटुंबांना मिळून एक स्वयंपाकघर असे. आपल्या चाळीत नळ सामाईक असतो तशी तेथे चूल सामाईक. १९५० नंतरच्या दशकांत स्वतंत्र सदनिका उभ्या राहिल्या, पण त्यांतले स्वयंपाकघर अवघे पाच-सहा चौरस मीटरचे. पेच गेली, गॅस आला. कोबीचे पिंप बाल्कनीत गेले. नताल्या बारान्स्काया यांची ‘नेहमीसारखाच एक आठवडा’ ही दीर्घकथा १९६९ मध्ये ‘नोव्ही मीर’ मासिकात आली. तिची नायिका प्रयोगशाळेत काम करणारी, दोन मुलांची आई. सोमवार ते रविवार ती धावत असते: बस, प्रयोगशाळा, रांग, मुलांचे आजार, स्वयंपाक. कथेत मोठी घटना घडत नाही. आठवडा संपतो, इतकेच. सोव्हिएत वाचकांत या कथेने केवढी खळबळ उडवली, याचे कारण उघड आहे. नोकरीची समानता मिळाली होती. चुलीची वाटणी झालीच नव्हती. आपल्याकडे शाळेतून वा कचेरीतून साडेसहाला घरी परतून पदर खोचणाऱ्या बाईंना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

म्हणून ‘परंपरागत, घरगुती, आजीच्या हातची’ अशा विशेषणांनी श्चीचे गुणगान ऐकू येते, तेव्हा थोडे सावध राहणे बरे. परंपरेच्या नावाने आपण बहुधा दुसऱ्याच्या वेळेची स्तुती करीत असतो. याचा अर्थ श्ची करू नये असा नाही. ती अवश्य करावी. फक्त तिचा हिशेब पुरता मांडावा आणि तो घरात वाटून घ्यावा. सुदैवाने श्चीतला बराचसा वेळ नुसता वाट पाहण्याचा आहे आणि वाट पाहण्याचे काम घरातला कोणीही, पुरुषसुद्धा, चांगले करू शकतो.

कृतीकडे वळण्यापूर्वी एक खुलासा. श्ची म्हणजे बोर्श्च नव्हे. बोर्श्चचा आधार बीट, रंग लाल आणि घर युक्रेनमध्ये. युक्रेनी बोर्श्चच्या परंपरेला युनेस्कोने जुलै २०२२ मध्ये, युद्ध चालू असताना, तातडीच्या संरक्षणाची गरज असलेल्या सांस्कृतिक वारशांच्या यादीत स्थान दिले. पदार्थांच्या मालकीवरून वाद घालण्यात अर्थ नाही असे म्हणणे सोपे असते. ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडत असतात त्यांना ते तितके सोपे वाटत नाही. श्चीमध्ये बीट नसते, टोमॅटोही मुळात नसतो. बटाटासुद्धा उशिराचा पाहुणा. कॅथरीनच्या सरकारने १७६५ मध्ये त्याचा प्रसार आरंभला आणि १८४० नंतरच्या काही वर्षांत बटाटा लावण्याच्या सक्तीविरुद्ध शेतकऱ्यांनी दंगे केले. त्यापूर्वी श्चीला दाटपणा आणण्यासाठी थोडे पीठ लावीत.

चार-पाच माणसांसाठी पाऊण किलो आंबवलेला कोबी घ्यावा. चव फारच आंबट असेल तर तो थोडा पिळावा, पण धुऊ नये. धुतला की जीवनसत्त्व आणि चव दोन्ही मोरीत जातात. एक किलोभर मांस हाडासकट अडीच-तीन लिटर थंड पाण्यात ठेवून मंद आचेवर चढवावे. रशियात ते गाईचे असते. आपल्या सोयीप्रमाणे बोकडाचे चालेल. वर येणारा फेस काढावा आणि अख्खा कांदा, गाजर घालून दोन-अडीच तास शिजू द्यावे. ज्या घरी मांस शिजत नाही त्यांनी मूठभर सुकी अळंबी भिजवून तिचा रस वापरावा. ही तडजोड मुळीच नाही. उपवासाची श्ची रशियात अशीच होते आणि तिचे चाहते कमी नाहीत.

दरम्यान कोबी दुसऱ्या जाड बुडाच्या भांड्यात थोडे लोणी आणि वाटीभर रस घालून, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर दोन तास ठेवावा. ओव्हन असेल तर त्यात, नसेल तर गॅसवर तवा ठेवून त्यावर. हीच ती तमलेनिये. ही पायरी गाळून कोबी थेट रसात टाकणारे पुष्कळ आहेत, आणि श्चीत काय एवढे आहे असे विचारणारेही बहुधा तेच असतात. बटाटा घालायचा असेल तर तो रसात आधी शिजवून घ्यावा आणि मगच आंबट कोबी मिसळावा. आम्लामध्ये बटाट्याच्या पेशींना जोडून ठेवणारे द्रव्य विरघळत नाही; म्हणून मागाहून घातलेला बटाटा तासभर शिजवूनही दाताखाली कच्चा लागतो. लोण्यावर परतलेला बारीक कांदा आणि गाजर, आठ-दहा मिरे, दोन तमालपत्रे घालून सारे अर्धा तास एकत्र शिजवावे. मीठ शेवटी, चव पाहून. कोबीने आपले मीठ बरोबर आणलेलेच असते. उतरवल्यावर ठेचलेला लसूण आणि चिरलेला शेपू. शेपूची भाजी पाहून नाक मुरडणाऱ्या आपल्या मुलांना सांगायला हरकत नाही की, रशियात तो जवळजवळ प्रत्येक पदार्थावर पडतो.

ताज्या कोबीची श्ची तासाभरात होते आणि तिला रशियन लोक ‘आळशी श्ची’ म्हणतात. वसंतात सॉरेलच्या पानांची हिरवी श्ची होते. आपल्या चुक्याच्या जवळच्या कुळातली ही पाने, त्यामुळे ज्यांना आंबवण्याची खटपट नको त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडी चुक्याची करून पाहावी. आंबवलेल्या कोबीची मात्र त्याच दिवशी खाऊ नये. भांडे झाकून रात्रभर थंड जागी ठेवावे. रशियात ते सरळ बर्फात नेऊन ठेवीत आणि दुसऱ्या दिवशीच्या या श्चीला वेगळे नाव आहे. लांबच्या प्रवासाला निघणारे लोक हिवाळ्यात गोठलेल्या श्चीचे ढेकूळ घसरगाडीत टाकीत आणि मुक्कामावर कुऱ्हाडीने तोडून गरम करीत.

दुसऱ्या दिवशी ती मंद आचेवर नुसती तापवावी, उकळू नये. खोल ताटलीत वाढून वर चमचाभर स्मेताना. ती नसल्यास घरच्या विरजलेल्या सायीला किंचित फेटून घ्यावे आणि भांड्यात नव्हे तर ताटलीतच घालावे, म्हणजे ती फाटत नाही. बरोबर राय धान्याचा काळा पाव लागतो. राय म्हणजे आपली मोहरी नव्हे, गव्हाच्या नात्यातले ते थंड प्रदेशातले धान्य. तो पाव न मिळाल्यास नाचणीची भाकरी चुरून खावी. पहिल्या घासाला रशियन पाहुणा थोडा बिचकेल, दुसऱ्या घासाला आणखी एक अर्धी भाकरी मागून घेईल.